विस्तवाशिवायची भट्टी

४ एप्रिल

भावोजी,

नमस्कार. फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ताईला देतो" यापलीकडे जात नाही, म्हणून आज पत्र लिहायला घेतलं. पत्रात ताईला पुढे करता येत नाही. पाकिटावर नाव तुमचं आहे, उत्तरही तुम्हीच द्यायचं.

काम असं आहे. शाळांना सुट्टी लागली आणि आमच्या बालवाचनालयात सकाळपासून पोरांचा तळ पडायला लागला. आधी पुस्तकं वाचून होतात, मग भांडून होतं, मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. गेल्या आठवड्यात नवी पुस्तकं मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आली. पुस्तकं मी कपाटात लावेपर्यंत खोकी पोरांनी पळवली. त्यातल्याच एका पुस्तकात उन्हावर चालणाऱ्या भट्टीचं चित्र निघालं. झालं! गच्चीवर कारखाना सुरू.

खोक्याला आतून अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद चिकटवला, झाकणाला आरशासारखा तसाच कागद लावला, वरून पातळ प्लास्टिक ताणलं. आत एक बटाटा ठेवला. तो आणणाऱ्या मुलाचं नाव त्या दिवसापासून बटाट्याच पडलंय. दुपारी सगळ्यांनी श्वास रोखून बटाटा काढला. कोमट होता. तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा. बटाट्याने तो तसाच कच्चा चावून बघितला आणि "आतून थोडा शिजलाय" असं सांगितलं, पण त्याच्या तोंडावरून कोणाचा विश्वास बसला नाही.

हसू नका. आता खरी अडचण. मी उत्साहाच्या भरात सगळ्या पालकांना सांगून बसलेय की सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गच्चीवर या, उन्हात भाजलेला केक खायला. सूचनाफलकावर लावलंसुद्धा. आणि इथे बटाटा कोमट!

तुमचं सगळं आयुष्य भट्टीसमोर गेलं. आमचं काय चुकतंय ते सांगा. ताई म्हणत होती की तुम्ही बेकरी बंद केलीत. बरं झालं, आता वेळही असेल.

तुमची,
धाकटी

---

१० एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. उन्हात चादर वाळते. पाव भाजत नाही. पुस्तकात हजार गोष्टी छापलेल्या असतात, तुला ते मी सांगायला नको.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. एक तर तुमच्या खोक्याला अंगावर पांघरूण नाही. आत आलेली ऊब एका पुठ्ठ्यातून किती वेळ टिकणार? मोठ्या खोक्यात लहान खोका घाला आणि मधल्या फटीत चुरगाळलेली वर्तमानपत्रं ठासा. खालच्या बाजूलाही. तळ चकचकीत ठेवलाय तोही चूकच. काळा करा. काळं उन्हात तापतं, हे तर अनवाणी चालणाऱ्या कोणालाही माहीत असतं. आणि ते प्लास्टिक म्हणजे गळकं छप्पर. त्याच्या जागी काच ठेवा, कडेला कापडाची पट्टी लावा, म्हणजे वाफ आणि ऊब चोरवाटेने जाणार नाही. काचेच्या कडा आधी घासून बोथट करून घ्या. पोरांचे हात आहेत.

झाकणाचा आरसा कुठे बघतो ते तपासलंत का? त्याने सूर्याकडून घेऊन खोक्यात टाकायचं. नुसतं सूर्याकडे तोंड करून बसला तर तो आरसा नव्हे, नवरदेव. आणि पोरांना त्या कागदाकडे डोळे फाडून बघू देऊ नकोस.

एवढं पुरे. यापुढे मला यात ओढू नकोस. मी भट्टी बंद केली ती कंटाळा आला म्हणून. कंटाळा म्हणजे कंटाळा, त्यात कोणी नाक खुपसायचं कारण नाही.

भावोजी

---

१० एप्रिल

धाकटे,

तुझ्या भावोजींनी हे पत्र पेटीत टाकायला म्हणून माझ्याकडे दिलं, मी पाकीट फोडून माझी चिठ्ठी आत घातली. त्यांना कळू देऊ नकोस.

अगं, तुझ्या पत्रावर त्यांनी अख्खी संध्याकाळ घालवली! दोनदा कागद फाडला. मला विचारलं, "जुनी वर्तमानपत्रं चुरगाळल्यावर दाबून बसतात का गं?" हिवाळ्यापासून या माणसाने मला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

कंटाळा वगैरे काही नाही. तापातून उठले, पंधरवडाभर भट्टीवर गेले, आणि एक दिवस कुलूप लावून घरी आले. का, ते सांगत नाहीत. खिडकीशी बसतात. काही वाढलं तरी खातात, बरं नाही, वाईट नाही. परवा माझ्याकडून दूध खाली लागलं, करपल्याचा वास शेजारीपाजारी गेला, आणि हे शांतपणे तेच दूध पिऊन उठले! एरवी चहा जरा जास्त उकळला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. मला वाटतं, माझ्यावरचाच राग असेल. किंवा जगण्यातलाच रस गेला असेल. मला भीती वाटते गं.

तू त्यांना लिहीत राहा. प्रश्न विचार, वाद घाल, चुकीचं काहीतरी कर आणि कळव. चुका दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

ताई

---

१६ एप्रिल

भावोजी,

तुम्ही ओढू नका म्हणालात, पण पोरांनी तुम्हाला आधीच ओढलंय. तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "आरसा नव्हे, नवरदेव" या वाक्यावर इतका गोंधळ झाला की खालून चौकीदारकाका धावत आले.

आता आमच्यात चष्मा लावणारा एक मुलगा आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याने तुमच्या सूचना फळ्यावर लिहिल्या आणि कामं वाटली. दोन खोकी एकात एक घातली. वर्तमानपत्रं चुरगाळायचं काम सगळ्यांत लहान गुंडूला दिलं. त्याने मन लावून वाचनालयाचं त्या दिवशीचं वर्तमानपत्रसुद्धा चुरगाळलं. काच चौकीदारकाकांनी जुन्या खिडकीची दिली, कडा त्यांनीच घासून दिल्या. तळाला काळा कागद. आणि बटाटा, भावोजी, बटाटा शिजला! दुपारी काढला तर हातात धरवेना. सोलून, मीठ लावून सगळ्यांनी एकेक घास खाल्ला. बटाट्या तर भाषण करायला उभा राहिला.

पण केकचं पीठ मात्र खाली ओलं आणि वर कोरडं राहिलं. त्याला मुख्य कारण म्हणजे आमची उत्सुकता. पाच मिनिटं झाली की कोणीतरी काच उचलून बघतो. काच उचलली की आतली ऊब भुर्रकन उडते. मास्तरने काच उचलायला बंदी घातली, तर आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला आम्ही प्रश्नचिन्हच म्हणतो, तिने विचारलं, "मग आत झालंय हे बाहेरून कसं कळणार?" मास्तरने फळ्याकडे बघितलं, मी मास्तरकडे.

म्हणून आता हे प्रश्न तुमच्याकडे: साचा कसला घ्यावा? पीठ किती जाड ओतावं? किती ऊब लागते? आणि प्रश्नचिन्हचा प्रश्न, झाकण न उघडता तुम्हाला कसं कळायचं की माल झाला?

चूक केलीये, आता रागवा.

तुमची,
धाकटी

---

२२ एप्रिल

धाकटे,

केकचं पीठ हातभर जाड ओतलंस आणि वर विचारतेस का शिजलं नाही! पसरट साच्यात पातळ ओता. बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नको. साच्याला झाकण घाला, नाहीतर वाफेने काच धुरकट होते आणि ऊन आत येत नाही.

सोबत पार्सल पाठवतोय. त्यात माझे जुने पत्र्याचे साचे आहेत. तुझी ताई ते भंगारात काढणार होती. त्यांच्यावरचं काळं घासून काढू नका! तो मळ नाही, वर्षानुवर्षं भाजून बसलेला थर आहे. उन्हाला असंच काळं भांडं हवं. भट्टीचा थर्मामीटरही घातलाय. काटा शंभराच्या वर जाऊन थोडा वेळ टिकला तर तुमचा केक होईल. सावकाश होईल, रंग धरणार नाही, पण होईल. खोका सूर्याबरोबर फिरवत राहा. हातमोजे घातल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही, हे मास्तरला फळ्यावर लिहायला सांग.

मी आधी चेष्टा केली, ती परत घेतो. रात्रभर विचार करत होतो. माझी विटांची भट्टी तरी काय होती? पहाटे लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे ओढून बाहेर काढायचे, राख पुसायची, आणि मग पाव आत सरकवायचे. म्हणजे पाव भाजायचा तेव्हा आत विस्तव नसायचाच! विटांनी धरून ठेवलेल्या उबेवरच सगळं. विस्तव नुसता ऊब आणून देणारा हमाल. तुमचा हमाल सूर्य आहे, एवढाच फरक. इतकी वर्षं भट्टी चालवली आणि हे कधी असं मनात आलं नव्हतं. तुझ्या त्या गुंडूला सांग, त्याने चुरगाळलेला कागद म्हणजे माझ्या विटा.

पीठ कालवताना लोणी आधी साखरेत फेटून घ्या. हलकं होतं.

भावोजी

---

२९ एप्रिल

भट्टीवाले आजोबा,

नमस्कार. मी प्रश्नचिन्ह. बाईंनी सांगितलं, तूच लिही.

तुमचे साचे आले. छान काळे आहेत. काटा एकशे दहावर गेला तेव्हा मास्तर नाचला, पण नंतर म्हणाला मी नाचलो नाही. काल बिस्किटं केली. पांढरी राहिली पण आतून कुरकुरीत झाली. मी चार खाल्ली.

बाईंनी तुम्हाला चार प्रश्न विचारले होते. मी मोजले. तुम्ही तिनांची उत्तरं दिली. चौथ्याचं नाही दिलं. तो माझा होता. बाई म्हणतात विसरले असतील. पण तुम्ही राख पुसायचीसुद्धा विसरला नाही, मग हे कसं विसराल?

तुम्हाला माहीत नाही का? माहीत नसलं तरी चालतं. बाईंनाही पुष्कळ गोष्टी माहीत नसतात, त्या सरळ सांगतात.

प्रश्नचिन्ह

(भावोजी, वरचं मी वाचलं. एक अक्षर बदललं तर माझ्याशी बोलणार नाही अशी धमकी मिळालीये. — धाकटी)

---

४ मे

प्रश्नचिन्हबाई,

तुम्ही पकडलंत. मी विसरलो नव्हतो, टाळलं होतं.

उत्तर असं: नाकाने कळायचं. पीठ कच्चं असतं तेव्हा एक वास असतो, पाणी उडून जाताना दुसरा. मग पापुद्रा तांबूस व्हायला लागला की गोडसर वास येतो. तो आला की मी फळी घालून पाव बाहेर ओढायचो. घड्याळ लावलं नाही कधी. रस्त्याच्या टोकाला उभा असलो तरी मला कळायचं की आत काय चाललंय.

पण हिवाळ्यात मला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक आहे जागेवर, पण वास येत नाही. साबण, फूल, रॉकेल, सगळं सारखंच. येईल परत म्हणून वाट बघितली. कोणाला सांगितलं नाही. मग एके दिवशी मी भट्टीकडे पाठ करून स्टुलावर बसलो होतो आणि माझा बेकरीतला जोडीदार ओरडत आला. मागे वळून बघतो तर भट्टीच्या तोंडातून काळा धूर! सगळा माल कोळसा झाला होता, आणि मी हाताच्या अंतरावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. जोडीदार म्हणाला, "डोळा लागला वाटतं." मी "हो" म्हणालो. खरं तर मी टक्क जागा होतो.

त्याच दिवशी कुलूप लावलं. वास न येणारा भट्टीवाला म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणारा. आज पाव जळला, उद्या कोणी भाजलं असतं.

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय कोण जाणे. तू मोजून विचारलंस म्हणून असेल. तुझ्या बाईंना सांगू नकोस. माझं मी बघून घेईन.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आता माहीत नाही.

भट्टीवाले आजोबा

---

११ मे

भट्टीवाले आजोबा,

मी कोणालाही सांगितलं नाही. तुमचं पत्र मी बाईंनाही दाखवलं नाही. त्यांनी तीनदा मागितलं.

मला आधी खूप वाईट वाटलं. मग एक गोष्ट झाली ती ऐका.

सोमवारी आम्ही केक ठेवला आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून मोठं कपाट चढवायला लागले. दोर बांधून. कपाट जिन्यातून जात नव्हतं. मध्येच त्याचं दार उघडलं आणि आतून एक बूट खाली पडला. ते आम्ही सगळे बघत बसलो. मास्तरसुद्धा. केक विसरलो. एकदम संध्याकाळी आठवलं. बटाट्या म्हणाला आता कोळसाच मिळणार.

काढला तर केक चांगला होता! कडेला थोडा कोरडा, बाकी छान. अजिबात जळला नाही. मी विचार केला का नाही जळला. मग मला कळलं. सूर्य पुढे गेला आणि आमचा खोका तिथेच राहिला. फिरवायला कोणी नव्हतं ना. म्हणून ऊब आपोआप कमी झाली. मी मंगळवारी मुद्दाम परत करून बघितलं. कपाट नव्हतं तरी विसरले. परत नाही जळला.

म्हणजे आजोबा, आमच्या भट्टीला नाक लागत नाही. विसरलं तरी ती स्वतःच थांबते. तुम्हाला ही भट्टी चालवता येईल. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मोठा केक करायचाय आणि मास्तरला लोणी फेटता येत नाही, तो सांडतो. तुम्ही याल का?

प्रश्नचिन्ह

(भावोजी, तुम्ही या पोरीला काय लिहिलंय? पाकिटावर कोंबडीसारखी बसून असते, कोणाला जवळ येऊ देत नाही. परवा मला म्हणाली, "बाई, मोठ्या माणसांची गुपितं फार जड असतात हो." मी चहा सांडला. — धाकटी)

---

१७ मे

धाकटे,

मी येतोय. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पोचेन. मला अंथरूण खिडकीजवळ नको.

त्या पोरीवरचं ओझं आता काढ. तिला सांग, पत्र बाईंना दाखवलं तरी चालेल. तू वाच, म्हणजे मला परत लिहायला नको.

काल तुझ्या ताईला सांगितलं. दुपारी चहा पिताना एकदम बोलून टाकलं, की मला वास येत नाही, ताप आल्यापासून. तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रागावणार, इतके दिवस लपवलं म्हणून. तर म्हणते, "म्हणजे माझा स्वयंपाक बिघडलेला नाही?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "तुम्ही बरं-वाईट काही बोलत नाही, मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. मी तर शेजारणीला विचारून आले, माझं काय चुकतंय म्हणून!" मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मी आपला उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. एका घरात दोघं, आणि आपापलं दुःख उशाखाली घेऊन झोपत होतो.

नंतर मात्र रागावली. यथासांग. रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. आज डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही, ओळखीचे वास रोज हुंगत राहा. त्यामुळे आता मी सकाळी लवंग, लिंबू आणि कॉफी हुंगत बसतो आणि ती समोर बसून विचारते, "आला?" अजून नाही आला. पण तिला घाई नाही, मलाही नाही.

तिचा गुडघा दुखतोय, प्रवास झेपणार नाही. मी एकटाच येतो. मास्तरला सांग, लोण्याला हात लावू नकोस.

भावोजी

---

२ जून

ताई,

भावोजी आज निघाले, तुझ्या हातात पडतीलच. पण ते तुला नीट काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

शेवटच्या दिवशी सकाळी उठून बघते तर आभाळ गच्च भरलेलं! मला रडूच यायचं बाकी होतं. भावोजी गच्चीवर उभे राहून वर बघत होते. म्हणाले, "पीठ कालवू नका. कोरडं वेगळं ठेवा, ओलं वेगळं. आजचा दिवस या भट्टीचा नाही." तरी पोरांनी आशा सोडली नाही. खोका इकडे फिरव, तिकडे फिरव. काटा चाळिशीच्या पुढे सरकेना.

पालक ठरल्या वेळेला आले. तीस-पस्तीस माणसं आणि मधोमध रिकामा खोका. मास्तर चष्मा पुसतोय असं दाखवत डोळे पुसत होता. कोणाचे तरी वडील म्हणाले, "म्हणून तर घरोघरी गॅस असतो!" सगळे हसले. प्रश्नचिन्हचा चेहरा असा झाला की माझ्याने बघवेना.

तेवढ्यात भावोजी पुढे झाले. म्हणाले, "मी जन्मभर भट्टी चालवली. कामगार आजारी पडला तर त्याला घरी पाठवायचो. आज यांचा कामगार आलेला नाही, एवढंच झालंय. माल बिघडलेला नाही, माणसं बिघडलेली नाहीत. केक उद्या होईल." आणि मग पोरांकडून खोका कसा केला ते एकेकाला सांगायला लावलं. गुंडूने आपण चुरगाळलेल्या वर्तमानपत्राबद्दल इतकं रंगवून सांगितलं की गॅसवाले वडील शेवटी खोक्यात डोकं घालून बघत होते. केकात घालायच्या मनुका होत्या, त्या वाटल्या, आणि लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! पाहुणे कोणी नाहीत, फक्त आम्ही. भावोजींनी बाह्या सरसावल्या. ताई, त्यांना लोणी फेटताना मी पहिल्यांदा बघितलं. पोरं टाळ्या वाजवायचंही विसरली.

साचा आत ठेवला, काच बसवली. मग भावोजींनी पोरांना बोलावलं आणि म्हणाले, "मला वास येत नाही. तुमची नाकं मला उसनी हवीत." चौघांना खोक्याच्या चार बाजूंना बसवलं. काच उचलायची नाही, फटीतून वाफ येईल तिचा वास घ्यायचा आणि सांगायचं. थोड्या थोड्या वेळाने ते विचारायचे, "कसला वास?"

"ओल्या पिठाचा," मास्तर म्हणाला.

"भिजलेल्या पुठ्ठ्याचा," बटाट्या म्हणाला. त्याच्या बाजूची पट्टी खरंच भिजली होती, ती बदलली.

खोका सूर्याबरोबर थोडा फिरवला. मग प्रश्नचिन्ह म्हणाली, "आता साखरेचा येतोय. पण गरम साखरेचा नाही, डब्यातल्या साखरेचा."

"अजून वेळ आहे," भावोजी म्हणाले. डोळे मिटून बसले होते. पोरं सांगत होती आणि ते मान हलवत होते, गाणं ऐकल्यासारखी.

शेवटी गुंडूची पाळी. त्याने नाक लावलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "आई कामावरून घरी आल्यासारखा."

भावोजी तोंड फिरवून कठड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हातमोजे घाला. झाला."

आणि झाला होता, ताई! मऊ, सरळ, मध्ये कुठेही ओला नाही. आम्ही एकेक घास खाल्ला आणि उरलेला तुकडे करून घरोघर पोचवला. गॅसवाल्यांकडे सगळ्यात मोठा तुकडा प्रश्नचिन्ह स्वतः घेऊन गेली. काय बोलली माहीत नाही, पण येताना उड्या मारत आली.

धाकटी

---

२० जून

धाकटे आणि प्रश्नचिन्हबाई,

दोघींना एकच पत्र, कारण आता मला वेळ नाही. गच्चीवर माझाही एक खोका आहे. शेजारची पोरं त्यात काहीबाही ठेवत असतात. पण सांगायचं ते वेगळंच.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. चार पोरांची नाकं घेऊन मी केक काढला. तर घरात एक नाक आहे, जे दूध उतू जायच्या आधी तीन खोल्यांपलीकडून उठतं. इतकी वर्षं मी तिला बेकरीत येऊ दिलं नाही. फार तापतं, धूर असतो, तुझं काम नाही, म्हणायचो. तिने एकदाही हट्ट केला नाही, आणि मला वाटलं तिला यायचंच नाही.

घरी आल्यावर विचारलं, "भट्टीवर बसशील का?" ती म्हणाली, "विचारायला बराच वेळ घेतलात." आणि चप्पल घातली. तेव्हाच. मी म्हटलं, अगं, उद्या पहाटे!

जोडीदाराला निरोप धाडला, तो धावत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे कुलूप काढलं. लाकडं पेटवली, निखारे ओढले, पाव आत सरकवले. ती भट्टीच्या बाजूला खुर्ची टाकून बसली, गुडघ्याखाली उशी घेऊन. मी फळी घेऊन उभा. जोडीदार एकदा माझ्याकडे बघतो, एकदा तिच्याकडे.

एकदम ती म्हणाली, "आता!"

मी म्हटलं, "एवढ्यात? गोडसर वास आला का?"

ती म्हणाली, "वास मला येतोय की तुम्हाला? ओढा!"

ओढले. पांढरे फटक. माझ्या दुकानातून इतके कच्च्या रंगाचे पाव कधी बाहेर गेले नव्हते. मी कपाळाला हात लावला. तिने एक पाव फोडला, खाल्ला आणि म्हणाली, "मला असाच मऊ आवडतो. इतकी वर्षं तुम्ही जरा जास्तच भाजत होतात, पण सांगणार कोण?"

गिऱ्हाइकं आली, बेकरी उघडल्याच्या आनंदात सगळे पाव घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं परत आली. म्हणाली, "कालच्यासारखे मऊच द्या."

आता आमच्याकडे दोन प्रकार मिळतात, माझे आणि तिचे. तिचे आधी संपतात. काल माझे पाच उरले. ते मी टोपलीत झाकून ठेवत होतो, तर ही खुर्चीतून म्हणते, "ठेवा ठेवा, आपल्याला रात्री होतील."

भावोजी